आधी संपेल तो पुढे
आदिलाबादेत शेजारची कॉलेजकन्या या आठवड्यात एका कोडिंगच्या गणितावर अडली होती: दोन याद्या, प्रत्येकीत वेळेनुसार ओळीने लावलेले सुटे कालखंड, ते एकमेकांवर कुठे येतात? तिने प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घातली. शंभर-शंभर असले तर १०,००० तुलना! असली गणितं आधी कागदावरच सोडवावीत. अगं, मुदखेडला जाणाऱ्या आपल्या एकेरी रुळाचं वेळापत्रक आठव. इकडे ९.१० ते ९.४०, तिकडे ९.२५ ते १०.०५. उशिराची सुरुवात घे, लवकरचा शेवट घे: ९.२५ ते ९.४०. मग ९.४०चा खंड सोड, कारण तिकडचा पुढचा १०.०५च्या आधी सुरूच होत नाही. दर तुलनेला एक खंड सुटतो, म्हणून दोनशेच्या आत काम फत्ते. आता समजा, एक ९.४०ला संपतो, दुसरा ९.४०लाच सुरू होतो, ती टक्कर धरायची का? एकेरी रुळावर धरायचीच!