एका घरात दोन चुली

लिनक्सविषयी एक आक्षेप हमखास ऐकू येतो. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई, मेट अशी डेस्कटॉपची इतकी रूपे हवीत कशाला? एकच ठेवले असते तर नवख्याचा गोंधळ टळला असता! मला हे मान्य नाही.

डेस्कटॉप म्हणजे संगणकाचा केवळ दर्शनी भाग. खिडक्या, मेनू, खालची पट्टी त्याच्या हाती. आतली यंत्रणा तीच राहते. १९९६ साली मॅथियास एट्रिक यांनी केडीई सुरू केले. ते ज्या 'क्यूटी'वर उभे होते, तिचा परवाना तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हता. म्हणून १९९७ साली मिगेल दे इकाझा व फेडेरिको मेना यांनी ग्नोमचा पाया घातला. म्हणजे हे वैविध्य निव्वळ हौसेतून नव्हे, तर स्वातंत्र्याच्या आग्रहातूनही आले.

त्याचा लाभ आपल्यासारख्यांनाच अधिक. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला आणि कित्येक जुने संगणक पुढच्या आवृत्तीस अपात्र ठरले. अशा यंत्रावर ग्नोम धापा टाकतो, एक्सएफसीई मात्र निमूटपणे चालते. ज्याच्या घरी नवा संगणक परवडत नाही, त्याला हा फरक लहान नाही.

परंतु एका घरात दोन चुली पेटल्या की कुरबुरी व्हायच्याच. दोन्ही डेस्कटॉप आपापल्या नोंदी वापरणाऱ्याच्या एकाच खात्यात, बहुधा 'कॉन्फिग' नावाच्या लपलेल्या फोल्डरात ठेवतात. मग चिन्हे व रंग बिघडतात, मेनूत तीच कामे दोनदा दिसतात. मराठी लिहिणाऱ्याची अडचण आणखी निराळी. ग्नोममध्ये 'आयबस' ही टंकलेखनाची सोय आपोआप जागी होते. एक्सएफसीईत ती पुष्कळदा होत नाही, आणि काल उमटणारी देवनागरी आज उमटत नाही. उबुंटूवर 'आयएम-कॉन्फिग' चालवून आयबस निवडावे व पुन्हा प्रवेश करावा, की बहुधा काम भागते.

अशा वेळी अनेकजण सारे पुसून नव्याने बसवतात. ही पळवाट झाली. प्रथम नवे खाते उघडून पाहावे. तेथे सारे सुरळीत असेल, तर दोष यंत्रणेत नसून आपल्या जुन्या नोंदींत आहे. त्या पुसू नयेत, बाजूला हलवाव्यात. प्रवेशाचा पडदाच काळा राहिला, तर कंट्रोल, ऑल्ट व एफ३ एकदम दाबून अक्षरी पडद्यावर जावे आणि प्रवेश देणारा कार्यक्रम तपासावा. 'जीडीएम' व 'एसडीडीएम' दोन्ही बसवलेले असले, तरी कारभार एकाकडेच हवा.

यात तर्कशास्त्राच्या तासाला शिकतो त्याहून वेगळे काय आहे? एकेक शक्यता वगळत कारणापर्यंत पोहोचायचे, इतकेच. म्हणून माझे आग्रहाचे म्हणणे आहे की, संगणक कक्षातील एक तरी यंत्र कला शाखेच्या विद्यार्थ्यांना डेस्कटॉप बदलण्यासाठी, बिघडवण्यासाठी आणि स्वतः दुरुस्त करण्यासाठी मोकळे ठेवावे. 'हात लावू नये' या पाटीखाली बसून संगणक वापरता येईल. समजणार मात्र नाही.

— द्वितीय वर्ष, कला