मोजपट्टी आधी, मोजणी मागाहून

सीमा भूगोलाने ठरवावी की भाषेने, हा वाद आपल्याकडे जुना आहे. प्रस्तुत टिपणाचा विषय त्याहून साधा, परंतु उपेक्षित आहे. सीमा ठरविणाऱ्या आयोगाने कोणत्या रीतीने वागावे, हा तो विषय होय. तो केवळ कायदेपंडितांचा नाही. अशा आयोगापुढे भाषा हाच बहुधा मुख्य पुरावा असतो. आणि पुरावा कसा तपासला जातो याविषयी ज्याला आस्था नाही, त्याने निकालाविषयी मागाहून हळहळण्यात अर्थ नाही.

१९४७ सालच्या सीमा आयोगांना दोन गोष्टी सांगण्यात आल्या होत्या. सलग बहुसंख्य प्रदेश पाहावा आणि ‘अन्य बाबी’ही विचारात घ्याव्यात. या अन्य बाबी कोणत्या, त्यांना वजन किती, हे कोठेही नमूद नव्हते. सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलैला भारतात आले. उघड सुनावण्यांना ते स्वतः बसले नाहीत. कामकाजाचे वृत्त त्यांच्याकडे रोज जाई. निवाडा प्रसिद्ध झाला तो १७ ऑगस्टला. फाळणीच्या रक्तपाताची कारणे अनेक आहेत. तथापि स्वातंत्र्याचा दिवस उजाडला तेव्हा सीमेवरील असंख्य गावांना आपण कोणत्या देशात आहोत हे ठाऊक नव्हते, ही गोष्ट कार्यपद्धतीच्या खात्यावरच मांडावी लागेल.

स्वतंत्र भारतात दोन्ही प्रकारचे अनुभव आहेत. आंध्र व मद्रास यांच्या सीमेसाठी श्री. ह. वि. पाटसकर यांची मध्यस्थ म्हणून नेमणूक झाली. खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या ही त्यांची सूत्रे कोणालाही समजण्याजोगी होती. १९५९ साली तसा कायदा झाला, १ एप्रिल १९६० रोजी तो अमलात आला, आणि तिरुत्तणी मद्रास राज्यात गेले. सर्वांचे समाधान झाले असे नव्हे; परंतु आपले गाव अमुक बाजूला का गेले, याचे उत्तर प्रत्येकाला पडताळून पाहता येत होते.

याउलट महाजन आयोग. २५ ऑक्टोबर १९६६ रोजी नेमलेल्या या एकसदस्य आयोगापुढे उभय पक्षांनी आधी मान्य केलेला निकष नव्हता. महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची होती, आणि त्याच सूत्रानुसार २६० कन्नडभाषी गावे देण्याची तयारीही होती. १९६७ च्या अहवालाने २६४ गावे महाराष्ट्राला आणि २४७ गावे म्हैसूरला द्यावीत, बेळगाव म्हैसूरकडेच राहावे, अशी शिफारस केली. एकच मोजपट्टी सर्वत्र लावली नाही, हा महाराष्ट्राचा मुख्य आक्षेप; तर आयोग मागितला तुम्हीच, आता निर्णय माना, हे कर्नाटकाचे उत्तर. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. मी मराठी असल्याने माझा कल कोठे आहे हे वाचक ओळखतील. म्हणूनच हे स्पष्ट सांगतो, की मोजपट्टी आधी ठरली असती तर तिने आमच्याविरुद्ध दिलेली गावेही आम्हांस मुकाट्याने मान्य करावी लागली असती. पूर्वघोषित नियमाचे मोल ते हेच.

घटनेचा तिसरा अनुच्छेद राज्याच्या विधिमंडळाचे मत मागवितो, पण ते बंधनकारक मानीत नाही. मुंबई राज्याच्या पुनर्रचनेच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असेही ठरविले, की संसदेत विधेयकाचे रूप पालटले तरी ते विधिमंडळाकडे पुन्हा पाठविण्याची गरज नाही. सीमेवरच्या गावाला तर या व्यवस्थेत बोलण्यास हक्काची जागाच नाही.

उघड चर्चेने भावना भडकतील, असे यावर म्हटले जाते. ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु गुप्ततेने भावना शमत नाहीत. त्या निकालाच्या दिवसापर्यंत साचतात. शिवाय मतदारसंघांच्या सीमांसाठी आपण हा मार्ग चोखाळलेलाच आहे. २००२ च्या परिसीमन कायद्यानुसार आयोगाला आपले प्रस्ताव, सहसदस्यांच्या भिन्न प्रस्तावांसह, राजपत्रात प्रसिद्ध करावे लागतात, विचाराची तारीख जाहीर करावी लागते, हरकती ऐकण्यास जाहीर बैठका घ्याव्या लागतात. आणि अंतिम आदेश देशी भाषेतील किमान दोन वृत्तपत्रांत द्यावा लागतो. पाच वर्षांनी मत कोठे द्यावयाचे यासाठी जर एवढी काळजी, तर मुलाने कोणत्या भाषेत शिकावे आणि शेताचा उतारा कोणत्या भाषेत मिळावा हे ज्या रेषेने ठरते, तिच्यासाठी ती कमी का असावी?

माझे म्हणणे थोडक्यात असे: निकष सुनावणीपूर्वी लेखी जाहीर व्हावेत, प्रत्येक गावाची आकडेवारी त्या गावाला समजेल अशा भाषेत, आणि जेथे दोन भाषा नांदतात तेथे दोन्ही भाषांत, मिळावी, कच्चा अहवाल हरकतींसाठी खुला व्हावा, निकषाला जेथे मुरड घातली जाईल तेथे कारण नोंदविले जावे. अभ्यासकांनीही एक पथ्य पाळावे. बोलींची सरमिसळ, द्वैभाषिक घरे, जनगणनेत एकच मातृभाषा सांगणारी माणसे यांचे खरे चित्र आपणच आयोगापुढे ठेवू शकतो. ते आपल्या बाजूला सोयीचे नसले तरी ठेवावे. रेषा कोठेही पडली तरी कोणी ना कोणी पलीकडे राहणारच. त्याला निदान रेषा कशी पडली हे त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे.