आम्ही काय कमी पळतो?

“ताई, तुम्ही पैसे देऊन पळायला शिकताय?” आमच्या विडी कामगार बायकांच्या बचत गटातल्या एक अक्का मला म्हणाल्या आणि सगळ्याजणी खो खो हसल्या. हसणं ओसरल्यावर अक्काच पुढे म्हणाल्या, “आम्ही काय कमी पळतो? पहाटे नळाला पळतो, पोरांच्या शाळेला पळतो, विड्या द्यायला कारखान्यात पळतो. आम्हाला कुणी शिकवलं नाही.”

त्या दिवशी मीही हसले. पण ते वाक्य मनातून गेलं नाही. हा लेख म्हणजे अक्कांना उशिरा दिलेलं उत्तर आहे. ते पूर्ण उत्तर नाही, हेही आधीच सांगते.

मी छत्तीस वर्षांची आहे. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून सोलापुरात काम करते. सकाळी कौटुंबिक सल्ला केंद्र, दुपारनंतर वस्तीतल्या बैठका. बाईच्या आरोग्यावर मी किती शिबिरं घेतली याची मोजदाद नाही. पाठदुखी, अंगावरून जाणं, रक्तक्षय, बाळंतपणानंतरची काळजी या सगळ्यांवर मी तक्ते लावून बोलले आहे. आणि गेली सहा वर्षं स्वतःचं रक्त एकदाही तपासलं नव्हतं. जिना चढताना दम लागायचा, गुडघा दुखायचा. केंद्रातून घरी आल्यावर मुलीवर ओरडायचे आणि मग रात्री अपराधी वाटून रडायचे. कार्यकर्त्या मैत्रिणींपैकी निम्म्या तरी हे वाचून मान डोलावतील.

आधी मी एका व्यायामशाळेत गेले. तिथल्या तरुणाने पहिल्या दिवशी कमरेला टेप लावला, वजनकाट्यावर उभं केलं आणि म्हणाला, “मॅडम, तीन महिन्यांत लग्नाआधीसारख्या दिसाल.” लग्नाआधी मी कशी दिसत होते हे मी त्याला विचारलं नव्हतं. मला जिना चढायचा होता. मी परत गेले नाही.

नंतर चौघी मैत्रिणींनी मिळून एक प्रशिक्षक ठरवली. ही मुलगी शाळा-कॉलेजात मैदानी खेळ खेळलेली, आता लोकांना एकेकट्याने किंवा लहान गटात शिकवते. फी चौघींत वाटली. तिने वजन विचारलंच नाही. पहिला प्रश्न केला, “तुम्हाला कशासाठी पळायचंय?” दुसरा प्रश्न, “पाळी नियमित येते का? शेवटची कधी आली?” हे तिने वहीत तारखेसह लिहून घेतलं. जी गोष्ट घरात कोपऱ्यात बसून कुजबुजायची, ती व्यायामाच्या वहीत पहिल्या पानावर आली, हे मला फार आवडलं. त्या दिवसांत पळायचं की नाही हे ज्या त्या बाईने स्वतःच्या अंगावरून ठरवायचं, असं ती म्हणाली. विटाळाने नाही आणि जाहिरातीतल्या उड्या मारणाऱ्या मुलीकडे बघूनही नाही.

तिसरी गोष्ट तिने मागितली ती रक्ताच्या तपासणीचा कागद. माझं हिमोग्लोबिन निघालं ९.४. गरोदर नसलेल्या बाईचं ते निदान १२ असावं लागतं. म्हणजे जिन्यावरचा दम हा आळसाचा नव्हता की वयाचाही नव्हता. रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यच कमी होतं. “आधी डॉक्टर, मग पळणं,” असं सांगून तिने आम्हाला दोन महिने फक्त चालायला लावलं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. जेवणावर लगेच चहा पिण्याची सवय सोडावी लागली, कारण चहामुळे अन्नातलं लोह अंगी लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांना रक्तक्षय आढळला. हा आकडा मी भाषणात कितीदा तरी वापरला होता. त्या ५७ मध्ये मी असेन, असं कधी मनात आलं नव्हतं.

मग पळणं सुरू झालं. एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. आठवड्यातून तीनच दिवस. मला हे पोरखेळ वाटलं. पहिल्याच दिवशी मी जोरात सुटले आणि चाळीसाव्या सेकंदाला कंबर धरून उभी राहिले. ती म्हणाली, “ताई, शेजारणीशी बोलता येईल एवढ्याच वेगाने पळा. बोलता येईनासं झालं की वेग जास्त झाला समजा.” या एका सूचनेने माझं पळणं बदललं. पावलं लहान टाकायची, पाय शरीराच्या फार पुढे आपटायचा नाही, खांदे कानाशी आवळायचे नाहीत, मुठी सैल ठेवायच्या. माझे खांदे कायम कानाशी असतात हे मला छत्तिसाव्या वर्षी कुणीतरी दाखवून दिलं.

गुडघ्याचं दुखणंही गुडघ्यातलं नव्हतं. कुल्ल्याचे आणि मांडीचे स्नायू इतके कमजोर होते की सगळा भार गुडघ्यावर येत होता. खुर्चीवर हळूहळू बसणं आणि उठणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, भिंतीला हात लावून टाचा उचलणं, एका पायावर उभं राहणं, हे घरच्या घरी करायचे व्यायाम तिने दिले. आधी बळ, मग अंतर.

एक गोष्ट लिहू की नको, असा विचार करत होते. पण आपल्या पानांवर नाही तर कुठे लिहायची? पळताना आमच्यापैकी दोघींची लघवी निसटायची. दोघींनीही ती गोष्ट महिनाभर लपवली. एकीने तर पळणं सोडायचं ठरवलं होतं. तिने अखेर सांगितलं तेव्हा दुसरी म्हणाली, “माझंपण.” बाळंतपणानंतर ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात, खोकताना, हसताना, उडी मारताना असं होतं. त्या स्नायूंना आवळायचे-सोडायचे व्यायाम आहेत, आणि बऱ्याच जणींना त्यांनी फरक पडतो. नाही पडला तर डॉक्टरकडे जायचं. एवढी साधी माहिती बाळंतपणानंतर आम्हाला कुणीच दिली नव्हती. डिंकाचे लाडू मात्र सगळ्यांनी दिले.

चौथा धडा विश्रांतीचा. तो मला सर्वांत जड गेला. मी एकदा सलग पाच दिवस पळले आणि नडगीचं हाड ठणकायला लागलं. प्रशिक्षक रागावली. स्नायू पळताना बळकट होत नाहीत, पळून झाल्यावर विसावा मिळाला की होतात, हे तिने समजावलं. विश्रांतीचा दिवस हा सरावाचाच दिवस. आमच्या चळवळीत विश्रांती म्हटलं की अजून कानकोंडं होतं. जी रात्री अकरापर्यंत बैठकीत बसते ती खरी कार्यकर्ती, आणि जी सहाला घरी जाते तिची निष्ठा जरा कमीच, असं आपण बोलत नसलो तरी मानतो. या हिशोबात किती चांगल्या बाया मोडून पडल्या, किती जणींनी पस्तिशी-चाळिशीत काम सोडलं, याचा विचार आपण संघटना म्हणून कधी केला आहे का?

आता माझ्या स्वतःच्या घरचं. सकाळी सहा ते सात मी मैदानावर. मग मुलीचा डबा कोण करत होतं? दोन आठवड्यांनी माझ्या लक्षात आलं की सासूबाई करत होत्या. ज्या गुडघ्यांनी त्यांना मांडी घालता येत नाही, त्याच गुडघ्यांवर ओट्यापाशी उभ्या राहून. माझा मोकळा तास त्यांच्या पायांतून आला होता आणि मी मात्र स्वतःला मुक्त समजत होते. नवऱ्याशी भांडण झालं, चांगलं आठवडाभर. आता त्या तीन दिवशी डबा तो करतो. भाजी अजून करपते. पण बाईच्या हक्काचा वेळ दुसऱ्या बाईच्या अंगावर टाकून मिळवायचा नाही, हा धडा कुठल्या प्रशिक्षकाने दिला नाही, तो घरातच मिळाला.

काही मैत्रिणींचा आक्षेप आहे की हे सगळं मध्यमवर्गीय चोचले आहेत. बूट, कपडे, फी, पदकं, शर्यतींच्या जाहिराती, हा बाजार आहे. बाजार आहेच. त्याने बाईच्या देहाला नवं वजनमाप लावलं आहे, हेही खरं. पण बाईने पळू नये, असं सांगणारे बाजाराच्या आधीपासून होते. १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायकांची ८०० मीटरची शर्यत झाली. शर्यतीनंतर काहीजणी दमून खाली बसल्या, त्यावर वर्तमानपत्रांनी असा गहजब केला की ती शर्यतच रद्द झाली. पुढे १९६० पर्यंत, म्हणजे ३२ वर्षं, ऑलिंपिकमध्ये बायकांना २०० मीटरपेक्षा लांब पळू दिलं नाही. पुरुष दमून पडला तर त्याने जीव तोडून शर्यत मारली म्हणायचं, आणि बाई दमली तर तिच्या गर्भाशयाची काळजी करायची! १९६७ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये कॅथरिन स्वित्झर धावत असताना एका अधिकाऱ्याने तिच्या अंगावरचा क्रमांक ओरबाडायचा प्रयत्न केला. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये आली ती थेट १९८४ मध्ये. त्याच लॉस एंजेलिसला आपल्या पी. टी. उषाचं ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतलं पदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं. नाशिक जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत, साताऱ्याच्या दुष्काळी माणमधली ललिता बाबर या काही मध्यमवर्गीय चोचल्यातून आलेल्या नाहीत. बाई पळते तेव्हा तिच्या देहावर हक्क कुणाचा, हा प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो, मग ती बोस्टनला असो की आमच्या रस्त्यावर.

आमच्या रस्त्यावर काय होतं ते सांगते. पहाटे मोटारसायकलवरची पोरं शिट्टी मारतात. एक गृहस्थ रोज म्हणायचे, “कुणी मागं लागलंय का?” चौघी होतो म्हणून टिकलो. एकटी असते तर आठवड्यात घरी बसले असते. मैदानावर संध्याकाळी सगळीकडे क्रिकेट, कडेने चालायलाही जागा नाही. दिवे अर्धे बंद. बायकांच्या मुतारीला कुलूप, आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच ठाऊक नाही. दोन तास पाणी न पिता पळायचं, कारण जायला जागा नाही. ही काय बायकांना व्यायामाची आवड नसण्याची लक्षणं आहेत?

आता अक्कांकडे परत येते. अक्का दिवसभर मांडी घालून, मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून विड्या वळतात. हजार विड्यांवर मजुरी, म्हणून उठायचं नाही. उठलं की विड्या कमी, विड्या कमी की पैसे कमी. बोटं तेवढी पळतात, बाकी शरीर आखडून जातं. छातीत तंबाखूची धूळ. मग नळ, चूल, भांडी. त्यांना मी “रोज अर्धा तास पळा” सांगणं म्हणजे त्यांची चेष्टा आहे. अक्का बरोबर होत्या. त्या कमी पळत नाहीत. पण त्यांच्या पळण्यात विश्रांतीचा दिवस नाही, वेग ठरवायचा हक्क नाही, आणि कशासाठी पळता हे त्यांना कुणी विचारत नाही. पैसे देऊन मी विकत घेतलं ते नेमकं हेच. तेव्हा फरक अंगमेहनतीचा नाही, फरक हक्काचा आहे.

मी प्रशिक्षकाला गटाच्या बैठकीत बोलावलं. तिने पळायला सांगितलं नाही. दर तासाला उठून उभं राहायचं, खांदे मागे फिरवायचे, मान सोडवायची, भिंतीला टेकून छाती उघडायची, एवढंच दाखवलं. महिनाभराने विचारलं तर बावीसपैकी सातजणी करत होत्या. बाकीच्या म्हणाल्या, “तेवढ्यात वीस विड्या होतात.” या उत्तरावर कुठलाही व्यायाम लागू पडत नाही. तिथे मजुरीचा दर वाढवण्याची लढाईच लढावी लागते. रक्त तपासायला मात्र सगळ्या आल्या, आणि माझा ९.४ चा कागद मी पहिल्यांदा पुढे ठेवला म्हणून आल्या, असं मला वाटतं.

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. शिबिरांच्या वेळापत्रकात शरीरासाठी अर्धा तास ठेवा आणि तो कापू नका. कार्यकर्त्यांचं रक्त वर्षातून एकदा तपासा. नगरपालिका-महानगरपालिकेकडे मैदानावर बायकांसाठी ठरलेली वेळ, दिवे आणि उघडी मुतारी मागा; निवेदनात रस्ता-पाण्याच्या खाली शेवटची ओळ म्हणून नको, स्वतंत्र मागणी म्हणून. आणि विश्रांती मागणाऱ्या बाईकडे संशयाने बघणं आधी आपल्यात थांबवा.

मी आता न थांबता पाच किलोमीटर पळते. वेग सांगण्यासारखा नाही. परवा अक्का मैदानाच्या कट्ट्यावर नातवाला घेऊन बसल्या होत्या. मी दोन फेऱ्या मारून आले तर म्हणाल्या, “दमला नाहीत ओ ताई?” मी म्हटलं, “दमले की. म्हणून आता बसते.” आणि त्यांच्या शेजारी बसले. त्या म्हणाल्या, “आम्हालाबी असंच दमायचंय एकदा. बसायला मिळेल असं.”

ही मागणी कुठल्या निवेदनात लिहायची, मैत्रिणींनो?