पेटी घेण्याआधीचा हिशेब



परदेशातल्या आपल्या नातवंडांना हल्ली साप पाळायची हौस असते. अमेरिकेत बोआ विकत मिळतो. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातला हा बिनविषारी साप. माझं मत विचाराल तर तो आणू नये. पण आणलाच असेल, तर त्याच्या घरात काटकसर नको.

पिल्लू लहान दिसतं, पण बोआ ६ ते ८ फूट वाढतो आणि २० वर्षांहून जास्त जगू शकतो. मोठ्या सापाची पेटी निदान त्याच्या लांबीइतकी हवी, म्हणजे अंग सरळ करता येतं. सापाला स्वतःच्या शरीरात पुरेशी ऊब तयार करता येत नाही. म्हणून पेटीचं एक टोक साधारण ३२ अंश, दुसरं २६ अंश ठेवायचं. हीटरला थर्मोस्टॅट हवाच, नाहीतर अंग भाजतं. दोन्ही टोकांना लपायला जागा, ६० टक्क्यांच्या आसपास दमटपणा, अंग बुडेल एवढं पाण्याचं भांडं आणि पक्कं कुलूप हवं.

अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘बंध’ आहे, तसाच ‘अन्नपाननिरोध’ही आहे. अरुंद पेटी हा बंधच. आणि बोआ मांसाहारीच. त्याला दूधभात देणं म्हणजे उपाशी ठेवणं.

म्हणून पेटीची मापं घेण्याआधी मुलांना एकच विचारा: आपल्या फ्रीजरमध्ये गोठवलेले उंदीर ठेवायची घरच्या सगळ्यांची तयारी आहे का? नसेल, तर साप आणूच नका.