उंदीर, जळती वात आणि गवताची गंज

१/ कामाच्या जागी टापटीप व सुरक्षितता आणणारी 'फाइव्ह एस' पद्धत जपानची. तिच्यामागील विचार मात्र गुहागरच्या शेजारीच, चिपळूणच्या छावणीस शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या सुमारास धाडलेल्या पत्रात आढळतो.

२/ दाणावैरण पावसाळाभर पुरेल अशी बेताने वापरावी. स्वयंपाकाच्या आगट्या, तंबाखूचा विस्तव सांभाळावा. रात्री दिवे विझवावेत. नाहीतर उंदीर जळती वात ओढून नेईल, गवत पेटेल आणि घोडी जगणार नाहीत.

३/ पत्राचे खरे मोल पुढे आहे: आगीनंतर कितीही जणांना शासन केले, तरी जळालेले लाकूड परत मिळत नाही. आजच्या कारखान्यांनी हेच ध्यानी घ्यावे. अपघातानंतर कामगारास निलंबित करणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. नियमामागील कारण आधीच समजावून सांगणे, ही सुरक्षितता.