चौदा वर्षांखाली टॅकल नको

संपादक महोदय,



गेल्या अंकातील अमेरिकेतल्या मराठी मुलांच्या खेळांवरचा लेख वाचला. आपली मुले बुद्धिबळ आणि टेनिसच्या पलीकडे जाऊन अमेरिकन फुटबॉल खेळू लागली, याचा लेखकाला झालेला आनंद मी समजू शकते. आम्ही टेक्सासमध्ये राहतो. इथे शुक्रवारी संध्याकाळी हायस्कूलच्या सामन्याला अख्खे गाव लोटते, आणि त्या मैदानावर आपलाही मुलगा असावा असे कोणाला वाटणार नाही? पण ‘हल्ली हेल्मेट उत्तम असतात, आईवडिलांनी उगाच धास्ती घेऊ नये’ हा त्यातला दिलासा मला घातक वाटतो.

हेल्मेट कवटी फुटू देत नाही. तेच त्याचे काम आणि हेल्मेट ते चोख करते. मेंदू मात्र कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. वेगात धावणारे मूल दुसऱ्यावर आदळून जागीच थांबले, तरी आतला मेंदू लगेच थांबत नाही. तो हलतो, ताणला जातो, पिळवटतो. बाहेर कितीही भारी कवच चढवले तरी हे पुरते थांबत नाही.

पालकांच्या डोळ्यांसमोर येते ते मूल बेशुद्ध पडल्याचे दृश्य. त्यासाठी निदान कायदा तरी आहे. वॉशिंग्टन राज्यात १३ वर्षांचा एक मुलगा डोक्याला मार लागल्यावरही पुन्हा मैदानात उतरवला गेला आणि त्याला कायमचे अपंगत्व आले. त्यानंतर २००९ मध्ये तिथे कायदा झाला: मेंदूला हादरा बसल्याचा नुसता संशय आला तरी खेळाडूला बाहेर काढायचे आणि वैद्यकीय परवानगीशिवाय परत घ्यायचे नाही. २०१४ पर्यंत असे कायदे पन्नासही राज्यांत झाले. चांगलेच झाले. पण हा कायदा जागा होतो तो इजा दिसल्यावर.

न दिसणाऱ्या धक्क्यांचे काय? अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, ६ ते १४ वर्षांच्या खेळाडूंच्या डोक्याला बसणारे धक्के संवेदक लावून मोजले आणि २०२१ मध्ये आकडे प्रसिद्ध केले. टॅकल, म्हणजे समोरच्याला अंगावर जाऊन पाडण्याचा फुटबॉल, खेळणाऱ्या मुलाच्या डोक्याला एका हंगामात साधारण ३७८ धक्के बसतात; ज्यात कोणाला पाडत नाहीत तो फ्लॅग फुटबॉल खेळणाऱ्याला ८. यातल्या बहुतेक धक्क्यांनी चक्कर येत नाही, ओकारी होत नाही. मूल घरी येते, भरपेट जेवते आणि झोपते. आपण म्हणतो, काही लागले नाही.

अशा वारंवारच्या धक्क्यांचा संबंध सीटीई या मेंदूच्या आजाराशी लागतो. त्याचे खात्रीचे निदान आजही मृत्यूनंतरच होते. बोस्टन विद्यापीठाने २०२३ मध्ये, तिशीच्या आत मृत्यू पावलेल्या आणि आघाताचे खेळ खेळलेल्या १५२ जणांच्या मेंदूंचा अभ्यास मांडला. ६३ जणांत हा आजार आढळला. यावर ठरलेला आक्षेप असतो की हे मेंदू कुटुंबीयांनी शंका आली म्हणूनच दान केलेले होते, त्यावरून सगळ्या खेळाडूंचे प्रमाण काढता येणार नाही. आक्षेप बरोबर आहे, आणि मी प्रमाण काढतही नाही. पण याच गटाच्या २०१९ च्या अभ्यासात टॅकल खेळण्याच्या दर वाढीव वर्षागणिक या आजाराची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी चढत गेलेली दिसली. मग सातव्या वर्षी सुरुवात करून हायस्कूलच्या आधीच सात वर्षे खर्ची का घालायची?

आम्हा स्थलांतरित पालकांची यात आणखी एक अडचण आहे, जी लेखात कुठेच आली नाही. इथल्या अनेक बापांनी हा खेळ स्वतः खेळलेला असतो. प्रशिक्षक सरावात मुलांकडून काय करून घेतो आहे, हे त्यांना काठावरून कळते. आपल्याला पायचीत कळतो. फुटबॉलमध्ये लाइनवरची मुले जवळजवळ प्रत्येक चालीला समोरच्याशी भिडतात, हे कळायला दोन हंगाम जातात. तोवर आपण टाळ्या वाजवत असतो.

म्हणूनच ‘ज्याने त्याने ठरवावे’ हे मला पटत नाही. कॅलिफोर्नियात १२ वर्षांखालील टॅकल टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे विधेयक आले होते. २०२४ च्या जानेवारीत गव्हर्नर न्यूसम यांनी त्यावर सही करणार नसल्याचे सांगितले. निर्णय पालकांचा, अशी त्यांची भूमिका. मोटारीत लहान मुलाला खास आसनावर बांधायचे की नाही, हे मात्र कोणतेही राज्य पालकांच्या मर्जीवर सोडत नाही! इतर खेळांनी तर स्वतःहून रेषा आखल्या. आइस हॉकीत अंगावर जाऊन धडकण्याचे वय २०११ मध्ये ११ वरून १३ वर नेले. सॉकरच्या राष्ट्रीय संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना चेंडू डोक्याने मारण्याची बंदी केली. म्हणजे एकाच बागेत, एका मैदानावर दहा वर्षांच्या मुलाला चेंडूला डोके लावता येत नाही आणि शेजारच्या मैदानावर त्याच्याच वयाची मुले एकमेकांवर आदळत असतात.

‘लहानपणी टॅकल केले नाही तर मागे पडेल’ ही भीतीही प्रशिक्षकच घालतात. अमेरिकन फुटबॉलचा नामांकित खेळाडू टॉम ब्रेडी हायस्कूलमध्ये जाईपर्यंत टॅकल खेळला नव्हता. वडिलांनी परवानगीच दिली नव्हती. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. धावणे, झेल, फेक, डावपेच हे सगळे फ्लॅग फुटबॉलमध्ये आहेच. फक्त समोरच्याला पाडायचे नाही, त्याच्या कमरेची पट्टी ओढायची. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत भरलेल्या ऑलिंपिक समितीच्या अधिवेशनाने लॉस एंजेलिस २०२८ साठी क्रिकेट घेतले, तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. त्याच बैठकीत फ्लॅग फुटबॉलही घेतला गेला, ही बातमी आपल्याकडे कोपऱ्यात राहिली.

टॅकलसाठी राज्यांनी किमान चौदा वर्षे वयाची अट घालावी, ही मागणी इथल्या मराठी पालकांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे लावून धरावी. क्रिकेटचे सामने हौसेने भरवणाऱ्या महाराष्ट्र मंडळांनी मुलामुलींसाठी फ्लॅगचे संघही काढावेत. तोवर नोंदणीच्या अर्जात फ्लॅगचा पर्याय असेल तर तोच निवडा. नसेल, तर सही न करता अर्ज परत करा.

आपली,
एक वाचक आणि पालक
डॅलस, टेक्सास