माणसं कमी केली कोणी?



"गावात माणसं किती तुमच्या? एवढ्यांसाठी एस.टी. कशी परवडेल, दवाखाना कसा परवडेल?" हा सवाल ज्याने ऐकला नाही असा कोरडवाहू मुलखातला शेतकरी दाखवा. सवाल करणारा साहेब स्वतःला मोठा हिशेबी समजतो. आम्ही म्हणतो, हिशेब उलटा मांडला आहे. पटत नसेल तर कॅनडातल्या सास्काचेवान प्रांताकडे पाहा. तिथल्या शेतकऱ्याजवळ आपल्या कैक पटींनी जमीन, घरी ट्रॅक्टर, कंबाईन. तरी त्यालाही हाच सवाल विचारला गेला.

तो मुलूख म्हणजे सपाट माळ. पाऊस आपल्या मराठवाड्याच्या निम्म्याच्या आसपास, वर्षात पीक एकच. पूर्वी गहू, आता जोडीला कॅनोला आणि मसूर. आपल्याकडच्या दुकानांत येणारी परदेशी मसूर बरीचशी त्याच मातीतली. १८७२ च्या कायद्याने सरकारने दहा डॉलर भरून घेऊन १६० एकरांचे तुकडे वाटले. जमीन काही रिकामी नव्हती. गव्यांचे कळप संपवून आणि १८७४, १८७६ चे तह करून मूळ रहिवाशांना राखीव तुकड्यांत कोंडले, मग ती 'रिकामी' झाली. माणसं कमी करण्याची विद्या तिथे अशी जुनी आहे.

या चौकोनी जमिनीवर ग्रामीण नगरपालिका उभ्या राहिल्या. सर्वसाधारण एकीचा आकार अठरा मैल लांब, अठरा मैल रुंद, म्हणजे दोन लाख एकरांच्या वर शिवार. त्यात आज कित्येक ठिकाणी काही शेकडाच माणसं. सहा विभागांचे सहा सभासद आणि वर रीव्ह, म्हणजे आपल्या भाषेत सरपंच. जमिनीवरचा कर तेच बसवतात आणि त्यातून रस्ते राखतात. कोणत्या रस्त्यावर खडी टाकायची ते विचारायला राजधानीची पायरी चढावी लागत नाही. आपल्या सरपंचाने ही ओळ दोनदा वाचावी.

अशाच एका नगरपालिकेची, सार्नियाची, हकीकत ऐका. पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीचे दिवस. गावचा डॉक्टर निघून जाणार अशी भीती. विखुरलेली वस्ती, पेशंट थोडे, त्यांच्याजवळ रोकड त्याहून थोडी. सभासदांनी ठरवले की कराच्या पैशातून डॉक्टरला वर्षाला १५०० डॉलर द्यायचे. कायद्यात तशी तरतूद नव्हती. कायदा मागून आला, १९१६ साली! मग इतर नगरपालिकांनीही डॉक्टर नेमले, शेजारच्या गावांना घेऊन रुग्णालये बांधली. १९४७ साली साऱ्या प्रांताला रुग्णालयाचा विमा मिळाला आणि १९६२ साली डॉक्टरांचा संप मोडून वैद्यकीय सेवा मिळाली. कॅनडा आज ज्या आरोग्यसेवेचा अभिमान मिरवतो तिची एक मुळी या विरळ वस्तीच्या गव्हात आहे. थोडक्या माणसांना परवडत नाही म्हणणाऱ्यांनी हे कोणत्या खात्यावर लिहायचे?

आता माणसं गेली कशी ते पाहू. १९३६ साली प्रांतात १ लाख ४२ हजार शेते होती. २०२१ च्या गणनेत उरली ३४ हजार. तिथला गहू विकायचा तर शेकडो मैलांवरच्या बंदरात न्यावा लागतो, म्हणून रेल्वेचे भाडे हाच शेतकऱ्याच्या नाडीचा ठोका. १८९७ च्या क्रो करारापासून हे भाडे बांधलेले होते. १९८३ साली ती गाठ सोडली आणि १९९५ साली रेल्वेला मिळणारे सरकारी अनुदानही गेले. शेतकऱ्याच्या खिशातून जाणारे भाडे दुपटीच्या वर गेले. अनुदानाच्या भिकेवर शेती चालावी असे आम्ही कधी म्हटले नाही. जमीनमालकांना एकदाच १६० कोटी डॉलर वाटले हेही खरे. पण बाजार मोकळा करायचा तर दोन्ही बाजूंनी करा ना! देशात मोठ्या रेल्वे दोनच आणि बहुतेक शेतकऱ्यांच्या आवाक्यात त्यातली एक. आडत्या एकच असला की काटा कुणाच्या बाजूला झुकतो ते कापूस विकणाऱ्याला सांगायला नको.

मग रेल्वेने फाट्यावरचे रूळ उखडले. दर आठ-दहा मैलांवर धान्याचे उंच लाकडी कोठार असे, त्यातली बहुतेक पाडली. धान्य आता मोठ्या ट्रकांत भरून चाळीस-पन्नास मैल न्यायचे. त्या ट्रकांखाली रस्ते फुटतात ते ग्रामीण नगरपालिकेचे, आणि दुरुस्तीचा कर भरतो शेतकरी. रेल्वेच्या वहीत बचत झाली, तेवढाच खर्च गावाच्या वहीत चढला, आणि वर गावालाच विचारायचे, तुम्ही परवडता का?

१९९३ साली ५२ लहान ग्रामीण रुग्णालयांचा पैसा थांबला. तिजोरीत खडखडाट होता, मान्य. पण हे करणारे सरकार त्याच पक्षाचे, ज्याच्या जुन्या पुढाऱ्यांनी १९६२ ची योजना आणली. कोठार गेले, मग दुकान, मग शाळा, मग दवाखाना. पोरगं शहरात गेलं आणि साहेबाचा आकडा खरा ठरला.

२००० साली एका सरकारी समितीने सुचवले की हजाराच्या आसपास असलेल्या नगरपालिका मोडून सव्वाशेच्या आसपास ठेवा. गावोगाव सभा भरल्या, लोकांनी ठणकावून नाही म्हटले आणि सरकारने पाऊल मागे घेतले. म्हणून सार्नियासकट जवळपास तीनशे ग्रामीण नगरपालिका आजही उभ्या आहेत. जे त्यांच्या हातात नव्हते ते मात्र वाचले नाही. १९४६ पासून धावणारी सरकारी बस मे २०१७ अखेर बंद झाली. कारण काय दिले? प्रवासी कमी.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावशाखेने दोन तारखा लिहून आणाव्यात. गावातली एस.टी., शाळेचा वर्ग, दवाखाना किंवा कापसाचे खरेदी केंद्र यांपैकी काय केव्हा बंद झाले, आणि गावातली घरे कुलूपबंद व्हायला सुरुवात केव्हा झाली. आधी काय घडले ते वहीत मांडू आणि तीच वही साहेबाच्या टेबलावर ठेवू.